1880 नंतर युरोपीय देशांमध्ये आफ्रिकेची वाटणी एवढ्या झपाट्याने कशी झाली? बर्लिन परिषदेत नकाशावर रेघा मारल्या म्हणून?

नाही, वर्गात तसं सांगतात खरं. 1884-85 च्या त्या परिषदेला 14 देश होते आणि आफ्रिकेतलं कुणीच नव्हतं. पण तिथे मुख्यतः नियम ठरले: काँगो-नायजर नद्यांवर वाहतूक खुली, आणि किनाऱ्यावर नवा हक्क सांगायचा तर प्रत्यक्ष ताबा दाखवा. बहुतेक सीमा नंतर दोन-दोन देशांच्या करारांत ठरल्या, उदाहरणार्थ 1890 चा ब्रिटन-जर्मनी करार.

झपाटा आला क्विनीन (मलेरियावरचं औषध), आगबोटी आणि मॅक्झिम मशीनगनमुळे. मलेरियामुळे आधी गोरे किनारा सोडून फारसे आत जात नसत.

परीक्षेत एकच उदाहरण नीट लिहायचं तर काँगो घे. तो आधी बेल्जियमची वसाहत नव्हताच, राजा दुसरा लिओपोल्ड याची चक्क खासगी जहागीर होती! 1888 मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला, रबराची मागणी भडकली आणि गावागावांवर रबराची सक्ती झाली. त्यासाठी बायकांना ओलीस धरायचे, हात तोडायचे. एडमंड मोरेल या जहाज कंपनीतल्या कारकुनाला अँटवर्प बंदरात दिसलं की येताना जहाजं रबर-हस्तिदंताने भरलेली, जाताना मात्र त्यांत बंदुका-काडतुसंच जास्त. हा व्यापार नाही, वेठबिगारी आहे, हे त्याने ओळखलं. ओरड वाढल्यावर 1908 मध्ये बेल्जियम सरकारने काँगो राजाकडून काढून घेतला.

आणि सगळी आफ्रिका मुकाट शरण गेली असंही लिहू नकोस. 1896 मध्ये अडवाच्या लढाईत इथिओपियाच्या दुसऱ्या मेनेलिकने इटलीला सपशेल हरवलं होतं.