शनिवारची वारी

"मॅडम, माणूस गेला तर रडता येतं. मी एका फुटबॉल संघासाठी रडतोय, हे सांगू कोणाला?" अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून समुपदेशनासाठी माझ्या ऑनलाइन भेटीला आलेल्या पन्नाशीच्या गृहस्थांचे हे पहिलेच वाक्य होते. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) ज्यावर जीव लावला त्याचा बाजार मांडला गेला, तर आपले प्रेमच खुळे होते का, ही शंका वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे वारंवार येते.

१९९७ साली ते सांगलीहून एम. एस. करायला तिकडे गेले. ओळखीचे कोणी नव्हते आणि तिथल्या विद्यापीठाचा संघ खेळत असलेल्या अमेरिकन फुटबॉलचे नियमही ठाऊक नव्हते. नोव्हेंबरच्या थंडीत, पहिल्याच सामन्याला, शेजारच्या बाकावरील आजींनी न विचारता आपल्या घोंगडीचे अर्धे टोक त्यांच्या गुडघ्यांवर टाकले. तेव्हापासून हंगामातील प्रत्येक शनिवारी दोन तास गाडी चालवून जाण्याची त्यांची वारी सुरू झाली आणि पुढे मुलगाही बरोबर येऊ लागला.

मग एकेक गोष्ट निसटू लागली. १९१५ पासूनची परंपरा सांगणाऱ्या, विद्यापीठांचे आपसांतील सामने भरवणाऱ्या त्यांच्या पॅसिफिक संघटनेतील बारापैकी दहा विद्यापीठे २०२४ मध्ये मुख्यतः दूरचित्रवाणी हक्कांच्या पैशामागे बाहेर पडली. त्यांतील दोन तर चक्क अटलांटिक किनाऱ्याच्या संघटनेत गेली. जुने प्रतिस्पर्धी दुरावले, सामन्यांच्या वेळा वाहिन्यांच्या सोयीने ठरू लागल्या. त्यांना सर्वाधिक लागले ते मात्र एक पत्र. नेहमीच्या जागा राखायच्या असतील तर आधी मोठी देणगी भरावी, असे त्यात होते आणि वर 'प्रिय ग्राहक' असा मायना होता. "अठ्ठावीस वर्षं मी तिथला विद्यार्थी होतो, मॅडम," असे म्हणून ते बराच वेळ गप्प राहिले.

'खेळच तो, सोडून द्या' असे त्यांना घरी ऐकवले जात होते. मी तसे म्हटले नाही, कारण परक्या गावात ज्या जागेने माणसाला आपलेसे केले ती जागा हरवणे हा वियोगच असतो आणि त्याचे दुःख वियोगासारखेच करावे लागते.

नेमका राग कोणावर आहे, असे विचारताच ते म्हणाले, "त्या पोरावर." जास्त पैशांसाठी दुसऱ्या विद्यापीठात गेलेला वीस वर्षांचा खेळाडू त्यांच्या मनात होता आणि त्यावरून मुलाशी त्यांचा अबोलाही झाला होता. जुलै २०२१ पर्यंत खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींसारख्या मार्गांनी कमाई करण्याची मुभा नव्हती, प्रशिक्षक मात्र लाखो डॉलर घेत होते, याची मी त्यांना आठवण दिली. २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा ठरली. "म्हणजे मी घोंगडीत बसलो होतो तेव्हाही हा धंदाच होता?" त्यांचा आवाज कापत होता. मी हे बोलण्याची घाई केली, आणखी दोन भेटी थांबायला हवे होते, असे आज मला वाटते. त्यांचा राग आणखी थोडा वेळ ऐकून घ्यायला हवा होता.

पुढच्या भेटीसाठी मी त्यांना आठवतील तेवढे शनिवार लिहून आणायला सांगितले. त्यांनी चार पाने भरून आणली. त्यांत गुणफलक दोनदाच आला होता. बाकी सगळीकडे आजी, त्यांचा थर्मास, मुलाचे पहिल्यांदा घसा बसेपर्यंत ओरडणे आणि परतीच्या अंधाऱ्या रस्त्यावरच्या गप्पा होत्या. हे त्यांनी स्वतःच मोठ्याने वाचून दाखवले आणि मध्येच थांबून चष्मा पुसला.

देणगी त्यांनी भरली नाही. मुलाला फोन करून खेळाडूंच्या पैशांबद्दलचे त्याचे म्हणणे मध्ये न बोलता ऐकून घेतले, आणि एका शनिवारी दोघे त्याच विद्यापीठातील मुलींचा व्हॉलीबॉल सामना पाहून आले. पत्राचा राग अजून आहे आणि तो जावा असा माझा आग्रहही नाही. पुढच्या हंगामात एकदा तरी त्या बाकावर जाऊन बसावे की नाही, यावर आम्ही सध्या बोलत आहोत.