पाऊस सुरू झाला की एचएफवर (शॉर्टवेव्हवर) एवढा नॉइज का येतो? रिग (रेडिओ सेट) बदलावा का?

रिग बदलू नका. मला रिग बदलण्याचा सल्ला मिळाला होता, एका सीनियर हॅमकडून (हौशी रेडिओवाल्याकडून), म्हणून लिहितोय.

रात्री ४० मीटर बँडवर सीडब्ल्यू (मोर्स कोड) ऐकत बसलो होतो, नॉइज सिग्नल मीटरवर जेमतेम एस-३. पाऊस आला. आधी सुटे सुटे टक्-टक्, मग ते एकमेकांत मिसळून तापल्या तव्यावर पाणी शिंपडत राहावं तसा चर्रर्र आवाज, आणि मीटरचा काटा एस-९ वर. हॅम मंडळींच्या रेडिओवरच्या नेटवर (ठरलेल्या वेळच्या गप्पांत) सांगितलं तर तेच सीनियर सर म्हणाले, "आयनोस्फिअर बिघडलंय रे आज, आणि तसाही तुझा रिग स्वस्तातला." आता रात्री ४० मीटरचा सिग्नल आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परत फिरतो तो साधारण ३०० किलोमीटरवरून, ढग फार तर १५-२० किलोमीटरपर्यंत, तिथे वर कुणाला कळणार खाली पाऊस पडतोय ते! पण सरांशी वाद घालायचा कोणी.

मी कोॲक्स (अँटेनाची केबल) रिगमधून काढली, नॉइज एकदम गायब. म्हणजे रिग निर्दोष. आणि टेबलावर ठेवलेल्या तिच्या पीएल-२५९ कनेक्टरमधून टिक्... टिक्... ऐकू यायला लागलं, लाइट बंद करून बघितलं तर मधल्या पिनेपासून कडेपर्यंत बारीक निळी ठिणगी उडतेय. थेंब चार्ज घेऊन येतात, वायरवर आपटले की तो तिथेच सोडून जातात, आणि माझ्या डायपोलच्या (वायरीच्या अँटेनाच्या) केबलच्या मधल्या वायरीला अर्थिंगची वाटच नव्हती. पिन आणि शील्ड (केबलची बाहेरची जाळी) यांच्यामध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर टाकला, ठिणग्या बंद. नॉइज बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही, कारण वायरच्या टोकांवरचा डिस्चार्ज रेझिस्टरने थांबत नाही. उघड्या तांब्याऐवजी इन्सुलेशनवाली वायर, किंवा लूप (बंद वळशाची अँटेना), एवढं करून बघा. सरांना दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं तर म्हणे, "पाऊस कमी झाला असेल."

बाकी दूरच्या विजांचा कडकडाट, म्हणजे क्यूआरएन, हा वेगळा. तो शेकडो किलोमीटरवरून स्किपने (आयनोस्फिअरवरून उसळी घेत) येतो, तुमच्याकडे आभाळ कोरडं असलं तरी, आणि ८० व १६० मीटरवर सगळ्यात जास्त त्रास देतो. त्याला रेझिस्टर-बिझिस्टर चालत नाही. हवेमुळे खरोखर रिसेप्शन बदलतं ते व्हीएचएफवर (एचएफच्या वरच्या फ्रिक्वेन्सींवर), वर गरम हवा आणि खाली थंड असा थर बसला की २ मीटरवर शेकडो किलोमीटर लांबचे रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारी स्टेशनं) ऐकू येतात.

आणि पाऊस थांबल्यावरही सिग्नल पडलेलाच राहिला, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) चढलेला दिसला, तर कनेक्टरमध्ये पाणी गेलंय. पीएल-२५९ वॉटरप्रूफ नसतो, टेप नीट गुंडाळा.

हो, आणि ते ठिणगी बघणं वगैरे मी केलं तो शुद्ध मूर्खपणा होता. विजा जवळ असताना कनेक्टरला हात लावायचाच नाही, पाऊस येण्याआधीच कोॲक्स काढून घराबाहेर टाकायची.