पशुपालकांचे प्रश्न : कानातला बिल्ला, वेसण आणि पोळ्याचा साज

प्रश्न : गाईच्या कानात ओळख क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारून आठ दिवस झाले. कान सुजला आहे, छिद्रातून पू येतो. बिल्ला कापून टाकू का? (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : कापू नका. बिल्ला काढला तरी आतली घाण आतच राहते आणि नंतर पुन्हा छिद्र पाडावे लागते. आधी बिल्ला कुठे बसला आहे ते पाहा. कानाच्या लांबीचे तीन भाग मनाने पाडले, तर तो मधल्या भागात हवा. कान उजेडाकडे धरला की दोन आडव्या कण्या (कानातल्या कूर्चेच्या कडक रेषा) आणि त्यांच्या कडेने जाणाऱ्या रक्तवाहिन्या दिसतात. बिल्ल्याचा खिळा या दोन कण्यांच्या मध्ये गेलेला असावा. तो कणीत घुसला असेल तर रक्त जास्त जाते आणि जखम रेंगाळते. टोकाकडे मारलेला बिल्ला काटेरी कुंपणात अडकून कान फाडतो. बिल्ल्याचे दोन्ही भाग आणि कानाची कातडी यांच्यात थोडी फट दिसली पाहिजे. कान चिमटला गेला असेल तर हवा लागत नाही, कातडी मऊ पडते आणि पू धरतो.

एक लिटर पाणी उकळून गार करा आणि त्यात चहाचे दोन सपाट चमचे मीठ विरघळवा. या पाण्याने दिवसातून दोनदा कानाच्या दोन्ही बाजू धुवा, स्वच्छ कापडाने टिपून कोरड्या करा आणि पोव्हिडोन आयोडीन लावा. बिल्ला धरून गरगर फिरवू नका. भरत आलेली कातडी पुन्हा सोलते. माशा बसू नयेत म्हणून जखमेच्या भोवती कडुनिंबाचे तेल लावा, जखमेच्या आत नाही.

पावसाळ्यात खरी भीती किड्यांची. जनावर सारखे डोके झाडते, कान एका बाजूला पाडते आणि जखमेला वेगळाच कुजका वास येतो. जवळून पाहिले तर छिद्राच्या तोंडाशी काहीतरी हलताना दिसते. अशा वेळी कापसाचा बोळा टर्पेंटाइन तेलात भिजवून पिळा आणि पाच-दहा मिनिटे फक्त जखमेच्या तोंडाशी धरा. किडे वर आले की चिमट्याने एकेक काढा. तेल कानाच्या नळीत किंवा डोळ्यात जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायलाच हवे, कारण खोल गेलेले किडे पहिल्या खेपेला निघत नाहीत. कान गरम लागत असेल किंवा गाईने चारा सोडला असेल, तर घरचे उपाय थांबवून पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

प्रश्न : जंगलात चरताना बैलाचा बिल्ला तुटून पडला. तोच पुन्हा लावता येईल का? (मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : नाही. खिळ्याचे टोक एकदा अडकले की ते मोडल्याशिवाय निघत नाही. दवाखान्यात जाऊन नवा बिल्ला मारून घ्या आणि जुना बारा अंकी क्रमांक सांगून नव्या क्रमांकाशी जोडायला सांगा. विमा असेल तर विमा कंपनीलाही लगेच लेखी कळवा; बिल्ला नसलेल्या जनावराचा दावा अडतो. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला आणि वाहतुकीला मनाई आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जनावर गेले तर भरपाईसाठीही बिल्ला विचारला जातो. तुमच्या भागात हे टाळून चालणारच नाही. आजच बिल्ल्याचा अंक नीट दिसेल असा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, गोठ्यातल्या प्रत्येक जनावराचा.

प्रश्न : पोळ्याला नवी वेसण घालायची आहे. सुताची घ्यावी की नायलॉनची? बदलताना नाकातून रक्त येते. (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : सुताचीच घ्या, करंगळीपेक्षा थोडी बारीक. नायलॉन टिकतो, पण बारीक नायलॉन ओढ बसली की नाकाचा पडदा कापत जातो. त्याचे जाळून गोळा केलेले टोक तर काचेसारखे टोकदार असते. ते नाकातून ओढणे म्हणजे जखम करणेच. सूत मात्र शेंबूड आणि मातीने कडक होते, म्हणून दरवर्षी बदलावे लागते.

रक्त येते ते ओढण्याच्या पद्धतीमुळे. आधी जुनी वेसण नाकपुडीजवळ कोमट पाण्याने भिजवा, वाळलेली खपली मऊ होऊ द्या. मग शिंगांमागची गाठ सोडा. जुन्या वेसणीचे टोक आणि नवीचे टोक समोरासमोर ठेवून दाभणाने शिवा. सांध्यावर तीन-चार इंच दोरा घट्ट गुंडाळा, म्हणजे तिथे जाडी वाढणार नाही. टोकांची गाठ मारू नका, ती छिद्रात अडकते आणि पडदा फाटतो. सांध्याला गोडे तेल चोळा. एकाने बैलाचे डोके धरावे, दुसऱ्याने जुनी वेसण सावकाश ओढावी. नवी तिच्या मागे आपोआप येते. छिद्र एक क्षणही रिकामे राहत नाही, त्यामुळे बुजण्याचा प्रश्नच उरत नाही.

गाठ बांधल्यावर बैलाला मान खाली घालून चारा खाऊ द्या. तेव्हा नाकावर ओढ दिसली तर वेसण आखूड झाली आहे, सैल करा. आणि रात्री वेसणीला दोर लावून बैल खुंट्याला बांधू नका. नाक फाटलेले बहुतेक बैल असेच जायबंदी होतात. बांधायचे ते गळ्यातल्या दाव्याने. हे काम खांदशेकणीच्या (पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकण्याच्या) गडबडीत न करता आठ दिवस आधी उरकून घ्या. पोळ्याच्या गर्दीत नाक दुखणारा बैल आवरत नाही.

प्रश्न : मठाटी (बैलाच्या कपाळावरचा साज), घुंगरमाळ, बेगड यांनी काही अपाय होतो का? (लाखांदूर, जि. भंडारा)

उत्तर : साज सुंदरच आहे, पण त्याच रात्री उतरवा. बेगड आणि प्लास्टिकच्या झिरमिळ्या बैल एकमेकांच्या अंगावरून चाटून गिळतात. रबरी पट्टे पायात राहिले तर कातडीत रुततात. पावसात भिजलेली झूल अंगावर ठेवली तर खांदा सोलतो. शिंगांना ऑइलपेंटऐवजी गेरू किंवा पाण्यात कालवायचा रंग वापरा, कातडीपासून दोन बोटे सोडून.

प्रश्न : वासराच्या गळ्यातले दावे किती सैल असावे? (काटोल, जि. नागपूर)

उत्तर : चार बोटे सहज सरकतील इतके. वासरू वाढते, दावे वाढत नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी केसांखाली बोट घालून पाहा. मानेवरचे केस दाट असतील तर रुतलेले दावे वरून दिसत नाही, फक्त वास येतो. रस्त्यावर बसणाऱ्या जनावरांसाठी दाव्यावर कापडी पाठीची रेडियम पट्टी शिवा. चिकटवलेली पहिल्या पावसात निघते.