विंटर डिप्रेशन: नुसता नकाशा बघून घाबरू नकोस

तू विचारलंयस की इकडे उत्तरेकडच्या थंड देशांत हिवाळ्यात सगळ्यांनाच डिप्रेशन येतं का, की आपल्यासारख्या उन्हाच्या देशातून आलेल्यांनाच. मी ६० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास राहतो, सहा हिवाळे काढलेत, म्हणून सांगतो.

सगळ्यांना नाही येत. अमेरिकेत १९९० च्या सुमाराच्या एका सर्व्हेत दक्षिणेकडच्या फ्लोरिडात १.४ टक्के आणि उत्तरेकडच्या न्यू हॅम्पशायरमध्ये ९.७ टक्के लोकांना हे निघालं, मग वाटणारच ना की जितकं उत्तरेला तितकं वाईट. पण आइसलँडमध्ये तीच प्रश्नावली भरून घेतली तर फक्त ३.८ टक्के, आणि आइसलँड तर न्यू हॅम्पशायरच्या कितीतरी उत्तरेला! त्याहून भारी म्हणजे आइसलँडहून कॅनडातल्या मॅनिटोबात गेलेल्यांच्या वंशजांमध्येही प्रमाण कमीच निघालं, त्यामुळे काही संशोधकांना वाटतं की अंधार सोसणारेच पिढ्यान्‌पिढ्या आइसलँडमध्ये टिकले असणार. (आकडे प्रश्नावलीचे आहेत बरं का, डॉक्टरने तपासलेले नाहीत, तशा पद्धतीत जरा फुगतातच.)

म्हणजे शेजारचा स्थानिक माणूस मजेत दिसतो म्हणून आपणही राहू असं धरून चालू नकोस. त्याच्यामागे पिढ्या आहेत, आपल्यामागे नाहीत. बायकांमध्ये आणि तरुण वयात हे जास्त दिसतं.

माझं पहिल्या वर्षी काहीच झालं नाही, नव्याची नवलाई. दुसऱ्या नोव्हेंबरात मात्र दहा-दहा तास झोपायचो तरी थकलेला, सारखं गोड खावंसं वाटायचं, वजन वाढलं, फोन उचलायचा कंटाळा, आणि मी आपला नोकरीला शिव्या देत बसलो. डिप्रेशन म्हणजे झोप उडते, जेवण जात नाही एवढंच माहीत होतं, इथे नेमकं उलटं होतं त्यामुळे लक्षातच आलं नाही. मार्चमध्ये आपोआप बरं वाटलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, अक्षरशः.

आता ऑक्टोबरपासूनच सकाळी उठल्या उठल्या १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) लाइट बॉक्ससमोर, म्हणजे प्रखर उजेडाच्या दिव्यासमोर, अर्धा तास बसतो, शिवाय दुपारी ढग असले तरी बाहेर चक्कर. संध्याकाळी बॉक्स लावू नकोस, झोपेची वाट लागते. डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार) असेल तर आधी डॉक्टर, मग बॉक्स. आणि शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये ये, सप्टेंबरात आलास तर घर लागेपर्यंत अंधार पडलेला असतो.