नियम पाठ, तरी वाक्य चुकतं

प्रश्न : मुलगी नववीत, मराठी माध्यमात आहे. टेन्सचे नियम घडाघडा म्हणते, पण स्वतःचं वाक्य लिहिताना चुकते. न पाहिलेला उतारा आला की रडकुंडीला येते. काय करू? – एक आई, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, ३१ वर्षं मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं. ‘आय अॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स टू इयर्स’ हे वाक्य किती वह्यांत लाल केलं असेल! दोष मुलांचा नाही. आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं : ‘२०१९पासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’. इंग्रजीत सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’, मुदत सांगायची तर ‘फॉर’, आणि क्रियापद ‘हॅव बीन लिव्हिंग’. तिला घरातलीच पाच वाक्यं रोज लिहू द्या. आजी कधीपासून इथे राहते, फ्रिज किती वर्षं चालतोय. नियम तिथे अंगवळणी पडतो.

शब्द सुटे पाठ करवू नका. पाऊस आपल्याकडे मोठा असतो, इंग्रजीत ‘हेवी’. ‘बिग रेन’ कुणी म्हणत नाही. वहीत ‘हेवी रेन’ अशी जोडीच उतरवायची.

आणि वाचन! अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत तिला घेऊन जा, निवड तिची असू द्या. दुकानात उभ्याउभ्या एक पान वाचायला सांगा. पाचाहून जास्त शब्द अडले, तर ते पुस्तक सध्या नको. उतारा आधी डिक्शनरीशिवाय संपवायचा, अडलेल्या शब्दाखाली फक्त पेन्सिलची रेघ. अर्थाचा अंदाज समासात लिहायचा, मगच डिक्शनरी उघडायची.