मानेवरच्या पुळ्या, आणि ‘उलटा हात’ म्हणजे काय

वस्तऱ्याने दाढी करताना गाल छान होतात, पण जबड्याखाली आग होते, तिसऱ्या दिवशी लाल पुळ्या येतात आणि काहींत केस वळून अडकलेला दिसतो, हे तुमचं वर्णन वाचलं आणि माझी मान आठवली. वस्तरा धरायचा कसा, फेस किती, हे तुम्हाला जमतंय असं गालांवरून दिसतं, म्हणून ते सोडून देतो.

माझी चूक एका शब्दाची होती. मी वस्तरा घेतला त्या दुकानाने सोबत एक छापील कागद दिला होता. त्यात लिहिलं होतं, ‘मानेला उलटा हात’. मी अर्थ लावला, मानेची उलटी दाढी, म्हणजे खालून वर. उलटा हात म्हणजे मनगटाचं वळण, केसांच्या विरुद्ध जाणं नव्हे! उजव्या हाताने डावी मान करताना हात गळ्यासमोरून आडवा न्यायचा आणि मनगट वळवायचं, एवढंच त्यात अभिप्रेत. पातं तरीही केसांच्या कलानेच जातं. हे मला चार महिन्यांनी एका म्हाताऱ्या नाभिक काकांनी स्वतःच्या हाताने दाखवलं. दुकानाला विचारलं तेव्हा उत्तर आलं होतं, पातं बोथट असेल, दुसरं घ्या. मी घेतलंही.

त्या चार महिन्यांत मी आणखी एक करत होतो. कातडी जोरात ताणत होतो, कारण ताणल्याशिवाय वस्तरा चालवू नये हे सगळेच सांगतात. गालावर ते खरं आहे. मानेवर मात्र ताण जोराचा आणि पातं केसांच्या उलट, असं झालं की केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो. हात सोडला की तो टोकदार खुंट आत सरकतो आणि वाढताना बाहेर यायच्या ऐवजी बाजूच्या कातडीत घुसतो. कुरळे केस असतील तर जास्तच. तुमच्या पुळ्या बहुधा याच आहेत. एका दवाखान्यात मला तीनदा मलम लिहून दिलं, पण दाढी कशी करता हे एकदाही विचारलं नाही. त्याचा राग आजही आहे. दोन मिनिटांचा प्रश्न होता तो.

आता काय करायचं. पुळ्या पूर्ण बसेपर्यंत मानेला वस्तरा लावू नका. मग तीन दिवसांची दाढी वाढू द्या आणि बोट चारही दिशांना फिरवून बघा. जिकडे जाताना टोचतं, ती उलट बाजू. कंठमण्याखाली केस बऱ्याचदा वरच्या दिशेने किंवा आडवे वाढतात, त्यामुळे ‘वरून खाली म्हणजे सुलटं’ हे मानेवर धरून चालू नका. कागदावर बाण काढून आरशाला चिकटवा.

वस्तरा एका वेळी थोडाच ओढा, दोन-तीन सेंटिमीटर. वस्तऱ्याची पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, कातडीपासून त्या कडेच्याच जाडीइतकी, फार तर दीडपट उचललेली. कोन वाढला की धार खरवडते. पातं धारेच्या लांबीला सरकवू नका, काप तिथेच पडतो. मानेवर कातडी फक्त सुरकुती जाण्यापुरती ताणा. पहिला फेरा सुलटा, म्हणजे केसांच्या कलाने, दुसरा फेस लावून आडवा. उलटा फेरा माझ्या मते मानेवर करूच नये. काही जुने लोक वर्षानुवर्षं करतात आणि त्यांना काही होत नाही, हेही मान्य. त्यांचे केस सरळ असतील.

तुमचा अर्ध्या ब्लेडचा सलूनवाला वस्तरा असेल तर त्याला स्वतःचं फारसं वजन नसतं, म्हणून आपण नकळत दाबतो. तिथे दाब शून्य. खरा पोलादी असेल तर प्रत्येक दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर पन्नासेक फेरे, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून. नंतर थंड पाणी, तुरटी हलकी फिरवली तर बरं.

मी डॉक्टर नाही. पुळ्यांत पू असेल, किंवा मधुमेह असेल, तर आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी विचारलं नाही तरी दाढी कशी करता ते स्वतःहून सांगा. बाण काढून झाले की कंठमण्याखालचे केस कुठल्या दिशेला आहेत ते इथे लिहा, म्हणजे मानेच्या डाव्या बाजूला हात कसा वळवायचा ते नेमकं सांगता येईल.