पहिला फझ घेताना

फझ म्हणजे गिटारचा सूर खरखरीत, गुरगुरता करणारा पेडल. तो जुना घ्यावा की नवा, हा प्रश्न जरा बाजूला ठेव. आधी तुझ्या गिटारचा व्हॉल्यूम नॉब नीट ओळखून घे, कारण फझ खरा तिथूनच वाजतो. १९६६ च्या फझ फेस या पेडलमध्ये ट्रान्झिस्टर फक्त दोन, आणि इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) इतका कमी की गिटारचा पिकअप, म्हणजे तारांची कंपनं पकडणारा भाग, जणू सर्किटचाच भाग होतो. पेडलवर फझ पूर्ण चढव आणि गिटारचा व्हॉल्यूम दहावरून हळूहळू सहा-सातवर आण. गुरगुर विरत जाते आणि खाली एक लखलखीत, जवळपास स्वच्छ सूर उरतो. इतक्या वर्षांनंतरही मी त्या एका क्षणासाठी फझ लावतो. म्हणून असा पेडल पेडलांच्या साखळीत सगळ्यात आधी हवा. गिटार आणि फझच्या मध्ये बफर, म्हणजे दोघांना वेगळं पाडणारं सर्किट, आला की ही गंमत बहुतेक गेलीच.

ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा असतो किंवा सिलिकॉनचा. जर्मेनियम मऊ वाजतं, पण उकाड्यात त्याचा बायस, म्हणजे जुळवून ठेवलेली विद्युत पातळी, सरकतो. सिलिकॉन धारदार आणि हवेची फारशी पर्वा न करणारं. सुरुवातीला सिलिकॉनच घे, असं मी म्हणेन. जुन्या घडणीच्या जर्मेनियम पेडलांत बहुधा पीएनपी (उलट्या ध्रुवतेचे) ट्रान्झिस्टर आणि पॉझिटिव्ह ग्राउंड असतो, म्हणजे बॅटरीचं धन टोक ग्राउंडला जोडलेलं. असा पेडल इतरांबरोबर एकाच अडॅप्टरवर जोडू नकोस, शॉर्ट होईल. साधी ९ व्होल्टची बॅटरी लाव.

बिग मफ या फझची जात वेगळी: चार ट्रान्झिस्टर, लांबच लांब सस्टेन (सूर टिकून राहणं), पण मिड, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज, खोलगट. खोलीत एकट्यानं वाजवताना तो प्रचंड वाटतो आणि बँडमध्ये बुडतो. विकत घेण्याआधी ड्रम आणि बासबरोबर एकदा वाजवून बघच.